पाणी कशात द्यायचं

आमच्या शोरूममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला पाणी मिळतं. कोणाला कशात मिळायचं ते मी ठरवतो. दारातून आत आलेल्या माणसाला पहिल्या गाडीपर्यंत पोचायला दहा पावलं लागतात आणि तेवढ्यात माझा त्याच्याबद्दलचा निकाल लागलेला असतो. आधी बूट बघायचे, मग घड्याळ, मग हातातली किल्ली. शर्टाच्या खिशावर भारी कंपनीचा घोडा शिवलेला असेल तर त्याचे पाय मोजायचे, कारण नकली घोड्याचा चौथा पाय पुष्कळदा शिवायचा राहून गेलेला असतो. मी टायला हात लावला की रिसेप्शनवरच्या बाई काचेच्या पेल्यात पाणी पाठवतात आणि मागोमाग कॉफी. मी खिशातल्या पेनाला हात लावला की कागदी कप. कागदी कपवाला गाडी घेणार नसतो. तो दार उघडून बघतो, लावून बघतो, फोटो काढतो आणि जातो. त्याच्यामागे सेल्समन धाडायचा नाही. ही पद्धत मी बसवली, आणि सव्वीस वर्षांत मालकांनीसुद्धा तिच्यात नाक खुपसलेलं नाही.

घरी या पद्धतीचं कौतुक एकाच व्यक्तीला होतं, माझ्या मुलीला. शाळेत असताना ती रोज जेवताना विचारायची, "बाबा, आज किती पेले, किती कप?" सिग्नलला थांबलो की आम्ही पुढच्या गाडीत कोण असेल ते ओळखायचो. "हप्त्यावरची आहे. सीटचं प्लॅस्टिक काढायला जीव होत नाहीये," ती म्हणायची आणि मी हसून लोटपोट व्हायचो. मागच्या सीटवरून तिची आई म्हणायची, "काय शिकवताय पोरीला?" आई गेली, आणि त्यानंतर कधीतरी मुलीने तो खेळ सोडून दिला. नोकरी लागल्यावर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. इथून जायला-यायला फार वेळ जातो म्हणाली. एकदा मी स्वतः जाऊन बघितलं, पाऊण तास लागला. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

तेव्हापासून मी घरी एकटा असतो. संध्याकाळी आल्यावर बराच वेळ टाय सोडत नाही, कारण तो सोडला की मग करायला काही उरत नाही. एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. मला तरी अजून झालेली नाही.

एका रविवारी ती आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "बाबा, लग्न करायचं ठरवतेय."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाडी कुठली आहे त्याची?"

"बाबा, आधी माणूस तरी विचारा."

"मग मी काय विचारतोय?"

तिने फोन पुढे केला. त्यात त्याचा फोटो होता. मी बघितलाच नाही. म्हटलं, "फोटो गळ्यापर्यंतचे असतात, पायातलं दिसत नाही. समोरासमोर भेटू दे." मी गंमत करत होतो. तिने मात्र फोन पालथा घातला.

"शाळेत गणित शिकवतो," ती म्हणाली. "या आठवड्यात तो तुम्हाला भेटायला येईल. तो म्हणतोय मी एकटाच जातो. नीट बोला त्याच्याशी. मला तुम्ही दोघंही हवे आहात, बाबा. दोघांतला एक निवडायची वेळ आणू नका."

"खाणार आहे का मी त्याला?" मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मी हरखून गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी पडदे धुतले. चांगल्या कंपनीचे सहा कप आणले. कंपनीचं नाव कपाच्या बुडाला होतं, आणि पाहुणा काही कप उलटा करून बघणार नाही हे कळत असूनही जास्तीचे पैसे मोजले. रोज संध्याकाळी वेळेवर घरी आलो. तो घरीच येणार हे मी धरून चाललो होतो. सासऱ्याला भेटायला कोण दुकानात येतं?

शुक्रवारी दुपारी शोरूममध्ये दोघं एकदमच आत आले. पुढच्याच्या मनगटावर घड्याळ असं होतं की त्याने हात हलवला की भिंतीवर कवडसा पडायचा. मी टायला हात लावला. मागच्याच्या पायात चपला होत्या, एकीचा अंगठा नव्याने शिवलेला. खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा दुसऱ्याच कुठल्यातरी पिशवीचा. बाहेर त्याची म्हणून कुठली गाडी नव्हती, साधी दुचाकीही नव्हती. मी पेनाला हात लावला आणि घड्याळवाल्याकडे वळलो.

चपलावाला गाड्यांकडे बघतही नव्हता. थेट माझ्यापाशी आला. "काका, पाच मिनिटं बोलायचं होतं."

"सर्व्हिसिंगचं काम मागच्या बाजूला असतं."

"नाही, गाडीचं काही नाहीये."

गाडीचं काम नसताना गाडीच्या दुकानात येणारे दोनच, विमा विकणारे आणि देणगी मागणारे. "आत्ता गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं.

"हरकत नाही, थांबतो मी."

तो कोपऱ्यातल्या खुर्चीत कागदी कप धरून बसला. घड्याळवाल्याने तीन कॉफ्या रिचवल्या, एक चक्कर मारून आणली, गाडीच्या रंगावरून मला अर्धा तास पिदवलं आणि बायकोला विचारून सांगतो म्हणून निघून गेला. मी वळून बघितलं तर कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. पीडा टळली असं वाटलं. सव्वीस वर्षांत त्या शोरूममध्ये सगळ्यांनी मला सर म्हटलंय. काका कोणी म्हटलं नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आठवडा सरत आला तरी घरी कोणी फिरकलं नव्हतं, म्हणजे आज नक्की, असं धरून रविवारी सकाळपासून मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. खाली येणारी प्रत्येक गाडी बघत होतो. एक लांबलचक काळी गाडी फाटकाशी थांबली तेव्हा कॉलर नीट करून उभाही राहिलो. तिच्यातून वरच्या मजल्यावरचे डॉक्टर उतरले. दुपार झाली. शेवटी मीच फोन लावला.

"अगं, येतोय ना तो? मी सकाळपासून वाट बघतोय."

ती म्हणाली, "तो शुक्रवारी येऊन गेला, बाबा. शोरूमवर."

"सांगायचं नाही का मग त्याने?"

"सांगायलाच आला होता. तुमच्याबद्दल वावगं काही बोलला नाही तो. म्हणाला, कामात होते, परत जाईन. पाणी दिलं म्हणाला. मी विचारलं, कशात दिलं? त्याला वाटलं मला वेड लागलंय. पाणी कशात दिलं यावर कोणी रडतं का?"

मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि अगदी मनापासून. म्हटलं, "मी आत्ता येतो तिकडे. त्याचे पाय धरतो."

"नको. तो अवघडून जाईल. त्याला यातलं काहीच माहीत नाही आणि मी सांगणारही नाही. मला मात्र माहीत आहे."

"मग तो कशासाठी आला होता? नुसतं भेटायला?"

"आम्ही घर बघत होतो. एक तीन खोल्यांचं होतं, तळमजल्यावर, जिना चढायला नको. तिसरी खोली तुम्हाला. ही कल्पना त्याची होती, माझी नाही. मी म्हटलं, मी विचारते बाबांना. तो म्हणाला, तू विचारलंस तर त्यांना वाटेल मी नाइलाजाने हो म्हटलंय. मीच जाऊन विचारतो."

मी गॅलरीतली खुर्ची आत ओढून घेतली.

"तो अजूनही विचारू म्हणत होता. मीच नको म्हटलं," ती म्हणाली. "काल आम्ही दोन खोल्यांचं घेतलं."

"चांगलं केलंत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग तिने पत्ता सांगितला. लग्न नोंदणी पद्धतीने करणार आहेत, त्याची तारीख सांगितली. माझ्या गोळ्या संपल्या का ते विचारलं. सगळं अगदी गोड आवाजात. लहानपणी ती माझ्याशी कडाकडा भांडायची, दारं आपटायची. त्या दिवशी तिने आवाजही चढवला नाही.

"आणि बाबा, घरी कधीही या हं," ती म्हणाली. "फक्त यायच्या आधी एक फोन करत जा."