माठाखालची डबी

माझं भाकीत खरं ठरलं तेव्हा मी मूर्खासारखे सगळ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले.

जालन्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता मी तीन वर्षं फिटच्या एका औषधावर संशोधन करत होतो. स्फटिकात या औषधाचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांचे हात धरून बसतात. ओल लागली तर पाण्याचे रेणू मधे शिरतील, जास्त घट्ट हात धरतील आणि होणारा नवा स्फटिक जास्त टिकाऊ असेल, असं मी गणितानं मांडलं होतं. टिकाऊ म्हणजे हट्टी; पोटात लवकर विरघळायचाच नाही. १९९९च्या मे महिन्यात, ओलीत ठेवलेल्या भुकटीत तशाच हट्टी स्फटिकांच्या सुया दिसल्या.

पेढा तोंडात असतानाच सत्यशीला आठवली. पेढ्यांचा पुडा तिथंच टाकून मी तिच्या सासरच्या गावाकडं जाणारी जीप गाठली.

सत्यशीला माझी धाकटी बहीण. हेच औषध घ्यायची. तिला फिट येते हे लपवून मार्चमध्ये आम्ही तिला घनसावंगीजवळच्या एका गावात दिली होती. पाकिटाचा आवाज सासरी ऐकू येईल म्हणून गोळ्या मीच सोलून पत्र्याच्या डबीत भरल्या. "माठाखालच्या वाळूत ठेव. कुणी बघणार न्हाई, थंड बी राहतील," हेही माझंच. म्हणे प्राध्यापक! त्या वाळूत दिवसभर पाणी झिरपतं हे शेंबड्या पोरालाही कळतं.

जीपवाला प्रत्येक फाट्यावर आणखी एक माणूस कोंबत होता आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो.

दारात तिची सासू, गिरिजाबाई.

"सत्यशीला कुठंय?"

"विहिरीवर गेली पाण्याला. बसा की, एवढी काय जल्दी?"

मी सरळ घरात घुसून माठाखालची डबी काढली. गोळ्या दगडासारख्या झालेल्या. पाण्याच्या पेल्यात एक टाकली, ती तळाशी तशीच बसून राहिली. गिरिजाबाई बघत होत्या. सांगावं तर बहिणीचा संसार मोडणार, न सांगावं तर तिचा जीव जाणार.

"मावशी, तिला फिट येते. ह्या गोळ्या बाद झाल्यात. चला, पळा!"

विहिरीला कठडा नव्हता. सत्यशीला काठावर वाकून पोहरा ओढत होती. हाक मारली तर दचकेल म्हणून मी जागीच थांबलो. गिरिजाबाई पाय न वाजवता मागून गेल्या आणि त्यांनी तिचा दंड धरला. दोर सुटून पोहरा खाली आदळला.

सत्यशीलानं आधी सासूकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सांगून टाकलं का रे, दादा?"

गिरिजाबाईंनी तिला काठापासून चांगली दहा पावलं लांब आणलं, मगच दंड सोडला.

"जीप गेली नसंल अजून," त्या मला म्हणाल्या. "हिला घेऊन जावा, कायमची."