गठुड्याचा खेळ

हे कोणी मानणार नाही, आणि मानूही नका, पण मी जपानात मेलेलो आहे. राखेच्या डोंगराच्या पायथ्याशी दोरांचा एक पूल आहे, त्या पुलावर. पाय घसरला, खाली गेलो, संपलो. माझं गठुडं तेवढं वर राहिलं, आणि ते पाठीवर घेऊन एक पोरगा पुढचा सगळा डोंगर चढला. मी वजीर कल्हईवाला. सत्तरी कधीच मागं पडली, आणि जुन्नर सोडून फार तर कल्याणपर्यंत गेलोय. पासपोर्ट नाही. तरी मेलो जपानात.

जुन्नरात माझं बोलणं लोक चहासारखं घेतात, फुंकून. नाणेघाटातल्या दगडी रांजणाला मी आतून कल्हई केली, हे मी कितीदा तरी सांगितलंय. भाता मारायला बिबट्या होता, हेही. कोणीतरी विचारतंच, "चाचा, बिबट्याला मजुरी काय दिली?" मी म्हणतो, "काही घेतलं नाही बिचाऱ्यानं. तुमची शेळी कुठं बांधता, एवढंच विचारून गेला."

पण तो पूल खरा. तो तन्वीरच्या टीव्हीत होता.

तन्वीर हा ताजबीचा मुलगा. ताजबीच्या घराची आणि माझ्या भट्टीची भिंत एकच. नवरा लवकर गेला, मग तिनं गोधड्या शिवून दोन लेकरं वाढवली. तन्वीर थोरला, कौसर धाकटी, ती कॉलेजात. तन्वीर भिमाजीची पिकअप चालवायचा. संध्याकाळी नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरायचे, रात्री माळशेज उतरून कल्याणला टाकायचे, सकाळी परत. झोप काय ती दुपारी. ही दुपारची झोप लक्षात ठेवा, सगळं तिच्यावर येऊन थांबतं.

तर ह्या पोरानं पुण्याहून गेम खेळायचा एक जुना काळा डबा आणला आणि त्यात एक नवाकोरा जपानी खेळ घातला. खेळाचं नाव मला कधी म्हणता आलं नाही. मी गठुड्याचा खेळ म्हणायचो, मग सगळेच म्हणायला लागले. त्यात चार माणसं डोंगर चढतात. एक आपण, तीन सोबती. सोबत्यांना नावं आपण द्यायची. तन्वीरनं एकाला दिलं चाचा, एकीला कौसर, एकीला अम्मी.

बाकीच्या खेळांत म्हणे मेलेल्याला औषध पाजून उठवता येतं. ह्यात नाही. ह्यात गेला तो गेला. त्याचं गठुडं मागं राहतं, ते उचलून चालायचं. फेकता येत नाही, विकता येत नाही. एक पाठीवर आलं की चाल मंदावते. दोन आली की पळता येत नाही. माणूस वाकून चालतो आणि तासन् तास दुसरं काही घडत नाही. खाली राख, वर राख.

"मला पहिल्याच पुलावर मारलंस?" मी तन्वीरला विचारलं होतं.

"मी कुठं मारलं? सगळे पार झाले, चाचा मधेच उभा राहिला. काहीतरी बोलत होता. दोर तुटला."

"काय बोलत होता?"

"जपानीत बोलत होता. खोटंच असणार."

ह्या खेळावरून जगात दोन तट पडले. कौसर मोबाइलवर वाचून दाखवायची. एक म्हणतो, पैसे देऊन कोण मयतीला जातं? एक पोरगा कॅमेऱ्यासमोर लालबुंद होऊन ओरडत होता, "ये गेम है या मातम?" बनवणाऱ्याचं डोकं फिरलंय, असं म्हणणारे हजार. आणि मधेच एखादी बाई लिहायची, मी माझ्या वडिलांचं नाव दिलं होतं, ते बर्फात गेले, मी तीन दिवस खेळ उघडला नाही, मग उघडला आणि त्यांना घेऊन चालले. खाली कमेंटमध्ये लोक तिला हसलेले असायचे.

तन्वीर खेळायचा तेव्हा ताजबी मागं बसून गोधडी शिवायची. ती टीव्हीकडे पाठ करून बसते, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. बर्फाच्या खिंडीत कौसर गेली, खेळातली. खरी कौसर दोन दिवस भावाशी बोलली नाही. मग उरली एकटी अम्मी, आणि शेवटची चढण.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, मध्यरात्र उलटल्यावर, माळशेजच्या एका वळणावर पिकअप कठड्याला धडकून उलटली. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. पोलीस म्हणाले, डोळा लागला. सगळा घाट टोमॅटोनं लाल झालेला. लोकांनी आधी टोमॅटो गोळा केले की आधी तन्वीरला बाहेर काढलं, हे मला विचारू नका. मी जन्मभर खोटं बोललो, पण तिथं बोलायला मला खोटंही सुचलं नाही.

त्याच्या आदल्या दुपारी तो माझ्या भट्टीवर होता. त्याचं पुढं येईल.

माती दिली आणि कबरस्तानातून परतताना पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, गेमनं खाल्लं. संध्याकाळपर्यंत सगळं जुन्नर तेच म्हणत होतं. भिमाजी ओट्यावर डोकं धरून बसला होता. "झोपायच्या टायमाला टीवीतला डोंगर चढत व्हतं पोरगं. मी तरी काय करनार, राव? माझी बी गाडी गेली." त्या आठवड्यात पोरगा किती रात्री लागोपाठ गाडीवर होता, हे त्याला कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं, मयतीच्या घरी विचारतात का. खेळाला तोंड नसतं. त्याच्यावर काहीही टाका, तो गप घेतो.

तन्वीरचा चुलता गुलाबभाई. तोंडाचा तिखट, पण पुतण्याच्या मातीला सगळ्यात जास्त तोच रडला. त्यानं जाहीर केलं, चाळिसाव्याला फातेहा झाला की तो डबा अंगणात फोडायचा, सगळ्यांसमोर, म्हणजे बाकीच्या पोरांनाही कळेल. ताजबीला विचारलं तर ती म्हणाली, "फोडा."

दुसऱ्या दिवशी कौसर माझ्या भट्टीवर आली. मी पातेल्याला नवसागर लावत होतो, धूर निघत होता, तिला डोळे पुसायला बरं झालं.

"चाचा, तुम्ही बोला तिथं."

"तुझा चुलता माझं ऐकतो होय?"

"सगळे ऐकतात तुमचं."

"ऐकतात गं. मानत नाहीत."

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "त्यात त्याचा खेळ तसाच आहे. मी उघडला नाही. शेवटच्या चढणीखाली उभा असेल, पाठीवर आपण दोघं, बाजूला अम्मी. डबा फुटला की तोही फुटेल. मग काय राहील सांगा? लायसनवरचा आरटीओचा फोटो?"

पातेलं पुसलं. कथील सारखं बसलं नव्हतं. मला तसं कधी होत नाही.

चाळिसाव्याला अंगणात ताडपत्री टाकली होती. पुरुष बाहेर, बाया उंबऱ्याच्या आत. फातेहा झाला, जेवणं झाली. ताजबी उंबऱ्याला टेकून बसली होती, मांडीवर गोधडी, सुई तशीच टोचलेली. गुलाबभाईनं उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला डबा आणून मधे ठेवला आणि माझ्याकडे हात केला.

"वजीरभाई, हातोडी आणा तुमची."

मी जाऊन हातोडी आणली. पण दिली नाही, मांडीखाली घेऊन बसलो.

"फोडू की," म्हटलं. "पण ज्याला फोडायचं त्याचा गुन्हा तरी सांगा."

"पोरगं गेलं, अजून गुन्हा काय पाहिजे?" गुलाबभाई म्हणाला. "दिवसभर राक्षस मारायचे, डोकं गरम, झोप नाही. दुसरं काय असतं ह्यात?"

"त्यात राक्षस नाहीत," ताजबी म्हणाली. इतकं हळू, की माझ्याशिवाय कोणी ऐकलं नसावं.

मी बोलायला लागलो. "गुलाबभाई, तुमच्या घरी रोज संध्याकाळी सिरियल लागते. त्यात नवरा मरतो, चार महिन्यांनी दुसरा चेहरा लावून परत येतो, आणि तुमची बायको वाटीभर शिरा करते. त्या टीव्हीला हातोडी लावली कधी?"

कोणीतरी हसलं.

"माझं घ्या. मी बिबट्याला सात वेळा मारलाय, आठव्या वेळी तो भाता मारायला हजर. मेलेला परत आणणं सोपं, त्याला माझ्यासारखा फालतू माणूसही पुरतो. ह्या जपान्यानं ते केलं नाही. गेला तो गेला म्हणाला. आणि वर म्हणाला, आता त्याला उचल, आणि चाल. लोक शिव्या देतात, खेळ फार हळू आहे, मजा येत नाही. अरे, हळूच असणार. पाठीवर माणूस आहे. चाळीस दिवस झाले, तुमच्यापैकी कोण पळालं? ही पोरगी बघा, कॉलेजच्या जिन्यावर मधेच बसते. ताजबीनं एका गोधडीला इतके दिवस लावलेत कधी? तो जो कोण जपानात बसलाय ना, त्यानं कोणालातरी खांदा दिलाय. त्याशिवाय हे सुचत नाही. मी पैज लावतो."

"तुमची पैज!" मागून कोणी म्हणालं. "रांजण लखलखतोय ना अजून?"

"लखलखतोय. जाऊन तोंड बघ."

ह्या वेळी जास्त जण हसले. मयतीच्या अंगणात हसू आलं की माणसं जरा सैल होतात. गुलाबभाईनं डब्यावरचा अभ्रा उगाच नीट केला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात भिमाजी उठला. तो कोपऱ्यात बसला होता, ताट तसंच ठेवून.

"चाचा, तुमी ग्वाड बोलता. आमी गावडं मानसं. मला येकच सांगा. त्या दुपारी त्यो झोपला व्हता, का ह्यो खेळ खेळत व्हता? खेळत आसंल तर खेळानंच मारला. बाकी समदं ऱ्हाऊ द्या."

कौसर आतून बघत होती. ती त्या दुपारी कॉलेजात होती, तिला माहीत नव्हतं. भिमाजीला तरी कुठं माहीत होतं? पण त्याच्या तोंडावर मी पाहिलं, त्याला ते तसंच असायला हवं होतं. नाहीतर त्याच्याजवळ त्या लागोपाठच्या रात्री उरत होत्या, आणि त्या घेऊन त्याला घरी जायचं होतं.

मी हातोडी मांडीखालून काढली आणि डब्याशेजारी ठेवली.

"खेळत नव्हता," मी म्हणालो. "झोपलाही नव्हता. माझ्या भट्टीवर होता."

गुलाबभाईनं मान वर केली.

"जेवून झोपायलाच निघाला होता. मी हाक मारली. म्हटलं, बस रे, रांजणाची गोष्ट राहिलीय. तो म्हणाला, चाचा, डोळे मिटतायत. मी म्हटलं, बिबट्यापर्यंत तरी ऐक. माझी सवय तुम्हाला माहीत आहे, मी कोणाला उठू देतो का? बिबट्या झाला, मग नाणेघाटातला वारा झाला, मग घाटघरच्या पाटलाची म्हैस झाली. चार वेळा जांभई दिली त्यानं. मी प्रत्येक जांभईला गोष्ट लांबवली. नमाजाची बांग झाली तेव्हा उठला, तोंडावर पाणी मारलं आणि सरळ गाडीवर गेला." मी हातोडीचा दांडा गुलाबभाईकडे फिरवला. "त्याची झोप खेळानं खाल्ली नाही. मी खाल्ली. हातोडी इथं आहे. डबा सोडा. काय फोडायचं ते माझं फोडा."

भिमाजी मटकन खाली बसला, त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखा. गुलाबभाईचा हात हातोडीवर गेला, आणि मला वाटलं, आता ती येते. पण त्यानं ती उचलून लांब भिंतीकडे सारली. "या अल्ला, वजीरभाई," तो म्हणाला. कौसर पुढं आली आणि तिनं डबा पोटाशी धरला.

माझ्या आयुष्यात एवढ्या सगळ्यांनी एकदम माझ्यावर विश्वास ठेवल्याचं हे पहिलंच.

उंबऱ्यापाशी ताजबीनं गोधडीतून सुई काढली आणि पदरात खोचली.

"खोटं बोलताय, वजीरभाई," ती म्हणाली. ह्या वेळी सगळ्यांनी ऐकलं. "तो तुमच्याकडे आला नाही. जेवून इथं ह्या भिंतीशी झोपला होता. घोरत होता. मीच हलवून उठवला त्याला. म्हटलं, ऊठ रे, मी वर पोचते का, तेवढं दाखव."