दाईची शेवटची आंघोळ

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझी नळी चिरली आहे, आवाज लांबवर जात नाही. आज तुम्हांला एका आंघोळीची कथा सांगतो. कथेत विटा आहेत, रक्त आहे. ज्याला भीती वाटेल त्याने शेजारच्याचा हात धरावा, पण मधूनच उठून जाऊ नये. देवाची कृपा कधीकधी उशिरा पोहोचते हो.

मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पत्र्याच्या कारखान्यात मला ठोकून ठोकून पोट दिले, पट्टे लावले आणि एका फळबागेत पाठवले. एका हाताने दांडा हापसायचा, दुसऱ्या हाताने नळी धरायची. मी किडे मारले, बाग वाचवली. "पंप असावा तर असा," असे मालक पाहुण्यांना सांगत असे, आणि माझे पोट अभिमानाने आणखीच फुगे.

मग तो ताप आला. माणसाचे डोळे लाल होत, हिरड्यांतून रक्त येई, आणि धडधाकट गडी बघता बघता संपे. त्याहून दुष्ट गोष्ट म्हणजे माणूस मेला तरी ताप मरत नसे. मृताच्या घामात, लाळेत, रक्तात तो दबा धरून बसे. जो मायेने मिठी मारील, त्याच्यावरच पहिली झडप घाली.

दवाखान्याने मला विकत घेतले. माझ्या पोटात आता ब्लीचिंगचे कडक पाणी असे. मला पाठीवर घेणारा भोपळ्या हा गोल पोटाचा, बडबड्या गडी. उचलणारे दोघे होते, आणि सगळ्यांवर सिस्टर. तिला मास्कच्या आतून देवाची गाणी गुणगुणायची सवय होती. आधी दार आणि जमीन फवारायची, मग देह, मग तो जाड पिशवीत ठेवून चेन लावायची, मग पिशवी पुन्हा बाहेरून फवारायची. यात कधी चूक झाली नाही.

चूक वेगळीच होती. आम्ही पांढरे पोशाख गल्लीबाहेर, गाडीच्या आडोशाला चढवत असू. बघे जमू नयेत, काम झटपट उरकावे, म्हणून. त्यामुळे गल्लीत शिरत ती तोंडे नसलेली चार भुते. आम्ही ना नाव सांगत असू, ना दुःखाचा एक शब्द बोलत असू. लोक म्हणू लागले, "हे मेलेल्यांचे डोळे काढून विकतात."

अशात एका गल्लीतली दाई गेली. बाळंतिणीची सेवा करताना तिला ताप लागला होता. तिने खोलीत शिरून आतून कडी लावून घेतली. लेक दाराशी रडली, तर आतून म्हणाली, "रड, पण तिथूनच रड. दाराला हात लावलास तर बघ!" दोन दिवसांनी आतला आवाज थांबला.

आम्ही पोहोचलो तेव्हा दाराशी तिचा धाकटा भाऊ उभा होता. तो गवंडी, गल्लीचा मामा. दाईनेच त्याला आईच्या मायेने वाढवले होते. शेजारी लेक पाण्याचे पातेले आणि स्वच्छ कपडा घेऊन बसली होती.

"कोण रे तुम्ही? तोंडं दाखवा आधी!" मामा ओरडला.

"बाजूला व्हा भाऊ, उशीर होतोय," सिस्टर मास्कमधून म्हणाली.

"उशीर? माझी ताई गेलीये, आणि हिला गाडी चुकतेय!"

एक म्हातारी कडाडली, "जिनं अख्ख्या गल्लीला पहिली आंघोळ घातली, तिला पारोशी नेताय? हात झडतील मेल्यांनो!"

उचलणाऱ्यांनी पहारीने कडी तोडली. त्या आवाजाने गल्लीच्या काळजाचे तुकडे झाले असतील. आत काम नेहमीसारखे झाले. पण पिशवी उंबऱ्याबाहेर येताच पहिली वीट आली.

मामाच्या कामाच्या विटा तिथेच रचलेल्या होत्या. एक माझ्या पोटावर आदळली आणि पत्रा आत गेला. दुसरीने उचलणाऱ्याचा गुडघा फोडला. पांढऱ्या पोशाखावर लाल डाग पसरला. भोपळ्या घाबरला. घाबरलेला माणूस हातात असेल त्याचे हत्यार करतो. त्याने दांडा हापसला आणि ते कडक पाणी मामाच्या डोळ्यांत मारले.

मामाने अशी किंकाळी फोडली की घराघरांतली पोरे रडू लागली. आंधळ्यासारखा हातोडी फिरवत तो धावून आला. एका घावात भोपळ्याच्या खांद्याचे हाड मोडले. ते मोडल्याचा आवाज मी त्याच्या पाठीवरूनच ऐकला. पिशवी खाली पडली. मामा चाचपडत तिच्यावर कोसळला, चेन फाडली आणि बहिणीचे डोके छातीशी धरले. "ताई! ताई गं!"

सारी गल्ली पुढे सरसावली. कुणाला पाय धरायचे होते, कुणाला तोंडावरून हात फिरवायचा होता. आणखी चार पावले, आणि दाईने जन्माला घातलेली ती सगळी माणसे तिच्याच मागोमाग गेली असती.

सिस्टर मागे हटली. गल्लीच्या तोंडाशी तिने गाडीतल्या ब्लीचिंगच्या पाण्याने हात धुतले, पोशाख उतरवला, मास्क काढला. एक वीट तिच्या कपाळाला लागली. रक्त पुसत ती ओरडली, "मारा अजून! पण आधी तोंड बघा माझं!"

"अगं बाई," म्हातारी चपापली, "ही तर इंजेक्शनवाली सिस्टर!"

"तीच. चुकलं माझं, हे तोंड आधीच दाखवायला हवं होतं. पोरी, तुझ्या आईनं आतून कडी का लावली होती?"

लेकीने पातेले खाली ठेवले. "आम्हाला लागू नये म्हणून."

"मग तिचं ते मरण फुकट घालवू देऊ नकोस. थांबव यांना."

पण थांबवले मामाने. ते शब्द त्याच्या कानांवर पडले होते. डोळे मिटलेलेच, तशातच त्याने चाचपडून वीट उचलली आणि आपल्याच माणसांवर गरजला, "मागे व्हा! जो पुढं येईल त्याचं डोकं फोडीन! मी शिवलो तेवढं पुरे झालं!"

गल्ली थबकली.

"सिस्टर," लेक म्हणाली, "आंघोळ मात्र मीच घालणार."

सिस्टरने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "घाल. माझ्या पद्धतीनं घाल."

सगळ्यांच्या देखत लेकीला पोशाख चढवला. हातमोजे, चष्मा, मास्क, प्रत्येक वस्तू कशासाठी, ते सिस्टर मोठ्याने सांगत गेली. भिंतीशी कण्हत बसलेला भोपळ्या म्हणाला, "पट्टा आवळून घे पोरी. तो पंप माझ्यासारखाच आहे, एका बाजूला कलतो." कुणीतरी रडता रडता हसले. धड असलेल्या उचलणाऱ्याने लेकीच्याच पातेल्यातले पाणी घेऊन मामाचे डोळे धुतले.

आणि मित्रांनो, मी आंघोळ घातली! लेक दांडा हापसत होती, माझ्या तोंडून धार पडत होती. आधी केस, मग हात, मग पावले. लांबून सिस्टरने देवाचे गाणे धरले आणि गल्लीने मागून सूर दिला. स्वच्छ कपडा पिशवीत ठेवला, चेन नीट करून लावली, आणि दाई मानाने निघाली.

मामाला दवाखान्यात नेले. ताप त्याला सोडणार नव्हता. तो गेला तेव्हा त्यालाही भाचीनेच आंघोळ घातली, माझ्याच धारेने. तोवर ती आमच्यातलीच झाली होती. ती प्रत्येक गल्लीत आधी उघड्या तोंडाने जाई, नाव सांगे, दोन अश्रू वाटून घेई आणि मग सर्वांसमोर पोशाख चढवी. आमच्यावर पुन्हा वीट आली नाही.

मित्रांनो, मेलेल्या माणसालाही काळजीने हात लावावा लागतो, आणि त्याच्या माणसांना त्याहून काळजीने. एवढे शिका. आणि कधी देवापुढे हात जोडाल, तेव्हा मिटल्या डोळ्यांनी वीट उगारून अख्खी गल्ली वाचवणाऱ्या त्या गवंडी मामाची आठवण तेवढी काढा.