सड्यावरची उंच गाडी

मार्गशीर्ष सरत आला होता. सड्यावरचं, त्या उघड्या कातळपठारावरचं, गवत सोनेरी होऊन, सोनेरीपणालाही कंटाळून, आता राखी पडू लागलं होतं. दूर क्षितिजाच्या कडेला समुद्राची निस्तेज, रुपेरी रेघ. अलीकडे नुसता जांभा दगड, आरक्त, दग्ध, मौनमग्न. कलत्या उन्हानं त्या जांभ्यावर अंग टाकलं होतं, आणि वारासुद्धा दम खात खात येत होता.

त्या विस्तीर्ण, विरक्त सड्यावर एक लहानसा आवाज फिरत होता. टर्र, टर्र, टर्र. मोटरसायकल होती, चिनी. उंच, कृशांगी, खडबडीत टायरांची. डांबर असो की धोंडे, तिला दोन्ही सारखेच. टाकीवर कोणालाच न वाचता येणारी तांबडी अक्षरं. आणि तिच्यावर बसले होते विश्राम राऊळ, गावच्या हायस्कुलातले निवृत्त चित्रकला शिक्षक. मास्तरांची उंची बेताची. गाडी थांबवली की पायांचे अंगठेच काय ते जमिनीला लागायचे.

गावानं थट्टा केलीच. गाव कसलं सोडतंय! "मास्तर, चहाच्या पुड्यावर फुकट मिळाली काय ओ ही?" तिठ्यावर कुणीतरी विचारलं. "स्वस्त आहे," मास्तर म्हणाले, "आणि हलकी आहे." हलकी हा शब्द त्यांनी जरा जपूनच उच्चारला.

आधीची गाडी हलकी नव्हती. कृष्णवर्णी, घनगंभीर, गजगामिनी. ती आळीतून गेली की खिडक्यांची तावदानं थरथरत. सात वर्षांपूर्वी रस्त्यातल्या मोरीजवळ वासरू आडवं आलं आणि ती गाडी मागे बसलेल्या प्रभावतीच्या, त्यांच्या बायकोच्या, गुडघ्यावर पडली. मास्तरांनी ओढली, रेटली, हाका मारल्या. एकट्याच्यानं ती उचलेना. माणसं येईपर्यंत ती बाई त्या लोखंडाखाली ओठ दाबून पडून होती. तुमची चूक नव्हती हो, असं सगळे म्हणाले. प्रभावतीही म्हणाली, आणि तेच त्यांना फार लागलं.

गाडी विकली. हेल्मेट माळ्यावर गेलं. मग उरली एसटी, उरली रिक्षा, आणि उरला अंगणातला प्रभावतीच्या पावलांचा आवाज. एक पाऊल पुरं, एक अर्धं. एक पुरं, एक अर्धं. सात वर्षं मास्तर तो ऐकत आले होते. माणूस थकतो तो असा, कष्टानं नव्हे, ऐकून ऐकून.

आणि एकसष्टाव्या वर्षी त्यांनी ही चिनीण दारात आणली. प्रभावतीनं टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक रेखलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ पुढे केला. पण मान वर केली नाही. मागची सीट कोरीच राहिली. मास्तरांना सगळ्या जगाकडून एवढंच हवं होतं, की तिनं एकदा त्या सीटवर बसावं. पण बस म्हणणार कोणत्या तोंडानं? म्हणून ते संध्याकाळी एकटेच सड्यावर येत आणि पायांना शिकवत.

शिकायचं होतं ते पायांनाच. जुन्या गाडीचा ब्रेक डाव्या पायाशी, गिअर उजव्या. हिचं सगळं उलटं. डोक्याला कळत होतं. पण पाय अडाणी, पाय हट्टी, पाय गतस्मृतींत गुंतलेले. जित्याची खोड, दुसरं काय!

करवंदीच्या जाळीपाशी वळण होतं आणि वळणावर बारीक खडी. मास्तर दचकले, डावा पाय जीव खाऊन दाबला. ब्रेक लागायचा तो गिअर पडला. मागचं चाक अडखळलं, घसरलं, आणि ती सडपातळ गाडी आडवी झाली. मास्तर गवतात. आवाज बंद.

लागलं फारसं नव्हतं, कोपर तेवढं खरचटलं होतं. तरी ते उठले नाहीत. वर आकाश पिंगट होत चाललं, अंगाखाली गवत टोचत राहिलं. पुरे झालं, विश्राम, उद्या विकून टाक ही, असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांना रडू आलं. पडल्या पडल्या ते पोटभर रडले.

मग वाटेवर पावलं वाजली. एक पुरं, एक अर्धं.

घर सड्याच्या पायथ्यालाच. गाडीचा आवाज थांबलेला प्रभावतीनं अंगणात ऐकला होता, आणि काठी टेकत ती सगळा चढ चढून आली होती. घामेजलेली, पांढरीफटक, ऊर धपापत असलेली. तिला पाहताच मास्तर धडपडून उठले. वाकले. हँडल धरलं, मागचा दांडा धरला आणि गाडी उचलली. एका झटक्यात, एकट्यानं.

ती बघत राहिली. कितीतरी वेळ बघत राहिली.

"चढून आले खरी," शेवटी ती म्हणाली, "पण आता उतरणं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"रिक्षा बघू का?"

"इथं रिक्षा कशी यायची? आणि केवढी ही उंच आणलीत हो! उंट परवडला."

कुंपणाच्या गडग्याशी त्यांनी गाडी टेकवली. त्या दगडी बांधावर पाय ठेवून, पदर खोचून, ती एका अंगानं मागे बसली. "भीती नाही ना वाटत, प्रभा?" त्यांनी वळून न पाहताच विचारलं.

"वाटते की. पण गुडघा त्याहून जास्त दुखतोय." मग थोडं थांबून, "ही थांबते कुठल्या पायानं?"

"उजव्या."

सांज उतरत होती. गाडीही उतरत होती. पहिल्या वळणावर त्यांच्या खांद्यात बोटं रुतली. "उजवा, अहो." दुसऱ्या वळणावर तोच हात, तोच स्वर. "उजवा." काजूच्या सावल्या आल्या, काजूच्या सावल्या गेल्या. "उजवा." खाली घरांतून धूर वर येत होता, निळसर, संथ, शिणलेला.

शेवटचं वळण आलं. मास्तरांनी कान दिला. आवाज आला नाही. खांद्यावरची बोटं सैल झाली होती आणि पाठीवर तिचं डोकं टेकलं होतं, निर्धास्त, जडशीळ. सदऱ्यातून तिचा संथ, उबदार श्वास लागत होता. मास्तरांनी हलकेच उजवा पाय दाबला. आणि गाडी वळली, हळू, फार हळू, अंधारत्या घराकडे.