रोहिणीच्या कालव्यावर

नातीला घेऊनच येतो, असा शब्द देऊन गहिनीनाथ धर्मापुरीहून निघाला होता. केशरबाईनं त्या शब्दावर सगळी तयारी करून ठेवली. पुढच्या खोलीला चुना लावला, परळीहून पोरीच्या मापाचे दोन फ्रॉक आणले, आणि शाळेत जाऊन मास्तरांना सांगून आली, आमची वैष्णवी येणार हाय, तिसरीत बसवा.

रोहिणी ही त्यांची एकुलती एक लेक. इंग्लंडात दवाखान्यात नर्स होती. दोन वर्षांमागं तिथंच कॅन्सरनं गेली. जावई बद्रीनाथ आष्टीकडचा. इंग्लंडातल्याच एका मोठ्या गोदामात पाळ्यांमध्ये काम करायचा. "बाप्या माणसाला लेकरू कुठवर सांभाळवंल?" केशरबाई म्हणायची. "आज ना उद्या दुसरी करंल. मग आपल्या पोरीला कोण?" गहिनीनाथला ते पटायचं. केशरबाईचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून तो एकटाच विमानात बसला.

तिथं जाऊन तीन आठवडे झाले तरी विषय ओठांपर्यंत यायचा आणि माघारी जायचा. जावई कामावर, पोरगी शाळेत, आणि हा दिवसभर खिडकीशी बसून ओल्या रस्त्याकडं बघणार. परतीला चार दिवस राहिले तेव्हा बद्रीनाथ म्हणाला, "मामा, उद्या रविवार हाय. कालव्यावर नाव ठरवलीय, दिवसभराची. तुमची सारी नोकरी कालव्यावर गेली. म्हणलं, इथला बी बघा."

गहिनीनाथनं तीस वर्षं माजलगावच्या उजव्या कालव्यावर चौकीदारी केली होती. गेट उघडायचं, रानाकडं जाणाऱ्या चारीला पाणी सोडायचं, तिची पाळी संपली की बंद करायचं. नाव त्या पाण्यात त्यानं कधी पाहिली नव्हती.

इथली नाव म्हणजे लोखंडाची लांबोडकी खोलीच होती. पंधरा पावलं लांब, आणि रुंदीला हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागावीत एवढी. मागच्या टोकाला उभं राहून एक दांडा धरायचा. तो डावीकडं लोटला की नाव उजवीकडं वळायची. वेग असा, की काठानं चालणारी म्हातारी माणसं पुढं निघून जात होती. सोबत हेलन नावाची एक गोरी बाई होती, चाळिशीची. रोहिणीच्याच वार्डात कामाला होती, असं बद्रीनाथनं सांगितलं. तिनं गहिनीनाथला हात जोडून "नमस्कार" केला आणि वैष्णवीला घेऊन पुढच्या टोकाला जाऊन बसली.

पाणी काळपट, जागच्या जागी उभं. दोन्ही काठांना झाडी, मधूनच विटांचा एखादा ठेंगणा पूल. गहिनीनाथनं बराच वेळ बघून विचारलं, "हे पाणी कुणाच्या रानात जातंय?"

"कुणाच्याच न्हाई, मामा. नुसतं नावा चालायला हाय."

शेवटच्या गावाला पाणी पोचेना, म्हणून कुऱ्हाडी घेऊन गेटवर आलेली माणसं गहिनीनाथला आठवली. इकडं एवढं पाणी नुसतं उभं होतं.

घटकाभरानं बद्रीनाथनं घसा साफ केला. "मामा, एक बोलायचं हाय. घरात जमंना, म्हणून इथं आणलं तुमाला."

"बोला की."

"हेलन आन मी लग्न करावं म्हणतोय. मार्चमधी."

हे होणार, असं तो आणि केशरबाई दोन वर्षं घरी बसून बोलत होते. तरी ऐकताना गहिनीनाथनं कठडा घट्ट धरला. मग इतके दिवस अडकलेलं वाक्य आपसूक बाहेर आलं. "मी पोरीला न्यायला आलतो."

"ठाव हाय मला. मामींनी शाळेत सांगून ठेवलं, ते आष्टीपोतूर कळलंय."

"मग?"

"ती माझ्या एकट्याची थोडीच हाय? तुमी तिला इचारा. हो म्हणली तर मी आडवा येणार न्हाई." बद्रीनाथ हे खाली बघूनच बोलला. हातातला दांडा सुटला आणि नाव काठाला जाऊन धडकली. हेलननं पुढून वळून पाहिलं.

दुपारी पहिलं लॉक आलं. इथला कालवा चढावर पायरी-पायरीनं बांधलेला. प्रत्येक पायरीला विटांचा खोल हौद, त्याला दोन्ही टोकांना लाकडी दारं. नाव आत घ्यायची, मागची दारं लावायची, पुढून पाणी सोडायचं. हौद भरत जातो तशी नाव वर उचलली जाते. हेलन आणि बद्रीनाथ नावेवर थांबले. वैष्णवी पाण्याची झडप उघडायचं लोखंडी हँडल घेऊन काठावर उतरली, तिच्यामागं गहिनीनाथ. हँडल हातात येताच त्याच्या दंडांना तीस वर्षांची ओळख पटली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच आपल्याला इथलं काहीतरी येतं, असं त्याला वाटलं. त्यानं जोरानं फिरवायला घेतलं.

"आजोबा, हळू," वैष्णवी म्हणाली. तिचं मराठी अडखळत यायचं. "आधी थोडंच उघडायचं. नाही तर नाव आपटते."

"तुला कुणी शिकवलं?"

"आईनं."

गहिनीनाथचा हात थांबला. रोहिणी एवढीशी असताना डबा घेऊन गेटवर यायची, तेव्हा त्यानंच तिला सांगितलं होतं, आधी थोडंच उघडावं, न्हाई तर चारी फुटती.

दाराला जोडलेली लाकडाची लांब तुळई होती. तिला पाठ लावून रेटलं की दार उघडायचं. वैष्णवी त्या तुळईवर चढून बसली. "आई इथं बसायची. औषधानं तिला चालता यायचं नाही ना, मग बाबा तिला गाडीतून आणायचे. बोट आली की मी हँडल फिरवायची. आई सगळ्यांना सांगायची, माझे वडील पण हेच काम करतात. ते दार उघडतात, मग सगळ्या गावांना पाणी मिळतं."

"रोज यायची?"

"दर रविवारी. आता मी आणि बाबा येतो." मग शेजारी हात टेकवून म्हणाली, "तुम्ही पण बसा."

गहिनीनाथ तिच्या शेजारी बसला. हौदात पाणी चढत होतं. फोनवर रोहिणी नेहमी म्हणायची, बरी हाय मी, तुमी काळजी करू नका. ती कुठं बसून हे बोलत असेल, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आता ती जागा त्याच्या हाताखाली होती; माणसांच्या पाठी घासून लाकूड गुळगुळीत झालेलं. वैष्णवी पाय हलवत पाण्याकडं बघत होती. आत्ताच विचारावं, आत्ता कुणी जवळ नाही, असं त्याच्या मनानं दोनदा घेतलं. तेवढ्यात नाव वर आली आणि पोरगी उडी मारून म्हणाली, "चला, आजोबा, ढकलू." दोघांनी पाठ लावली आणि दार उघडलं.

परतताना वैष्णवी आत बाकावर झोपी गेली. हेलननं आपला कोट तिच्या अंगावर घातला. गहिनीनाथ मागं जावयापाशी जाऊन उभा राहिला.

"इचारलं न्हाई मी," तो म्हणाला.

"कावून?"

"तिची आई तिथं बसलीय. तिला सोडून चल, असं कसं म्हणू लेकराला?" त्यानं आत झोपलेल्या पोरीकडं पाहिलं. "लग्न करा तुमी. पण पत्रिका धाडू नका. केशरला सोसायचं न्हाई."

बद्रीनाथनं मान हलवली आणि मग दांड्यावर वाकून तो रडायला लागला. हेलन आतून आली. तिनं त्याच्या हातातून दांडा घेतला आणि नाव सरळ केली.

पाचव्या दिवशी गहिनीनाथ परळीत गाडीतून उतरला आणि रिक्षानं गावात आला. केशरबाई दारातच उभी होती. तिनं रिक्षात वाकून पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं.

"जावयानं धाडली न्हाई?"

हो म्हटलं असतं तर तिचा राग बद्रीनाथवर गेला असता. पण गहिनीनाथ म्हणाला, "मी इचारलंच न्हाई." त्यानं लॉकची, तुळईची, रोहिणीची सगळी हकीकत सांगितली. लग्नाचं तेवढं पोटात ठेवलं. केशरबाईनं ऐकून घेतलं आणि त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ताट पुढं सरकवायची आणि आत जायची.

पुढच्या रविवारी दुपारी वैष्णवीचा फोन आला. आजी नातीशी बराच वेळ बोलली. जेवलीस का, थंडी हाय का. फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "पोरगी म्हणती, हेलननं येणी घातली. कोण ही हेलन?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गहिनीनाथनं सांगितलं.

केशरबाई लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"रोहिणीला वळखत होती का ती?"

"वळखत होती. एकाच वार्डात होत्या दोघी."

"पोरीवर हात तर उगारत न्हाई ना?"

"न्हाई. जपती."

"मग बरंय," केशरबाई म्हणाली. आठवड्यात नवऱ्याशी ती आज पहिल्यांदाच बोलली होती. उठताना गुडघ्यावर हात टेकून ती क्षणभर वाकली. गहिनीनाथनं हात पुढं केला, पण तिनं तो धरला नाही; भिंतीचा आधार घेत घेत ती आत गेली. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत.