हाडं मोजणारी फळी खोटं बोलत नाही

मित्रांनो, मला जुनी म्हणा, खरबरीत म्हणा, कपाटावरची अडगळ म्हणा. चालेल. पण खोटी म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही. मी माणसाच्या मांडीची हाडं मोजायची फळी आहे.

माझा जन्म जुईनगरला, गोटीराम सुताराच्या दुकानात. माझं लाकूड द्रोणागिरीजवळच्या बंदरात जहाजातून उतरलेल्या एका खोक्याचं. ते खोकं पृथ्वीला तीन फेऱ्या घालून आलं होतं आणि वाटेत एका देवमाशाने ते चाटून पाहिलं होतं, असं मी सांगते. गोटीराम सांगायचा की ते पंख्यांचं साधं खोकं होतं. त्याला कल्पनाशक्ती कमी. पण हात पक्का. त्याने माझ्या एका टोकाला उभी भिंत ठोकली, दुसऱ्या बाजूने सरकता ठोकळा बसवला आणि कडेला पोलादी पट्टी जडवली. हाड माझ्यावर निजवायचं, गुडघ्याकडची दोन्ही बोंडं भिंतीला टेकवायची, ठोकळा खुब्याच्या गोळ्याला भिडवायचा आणि आकडा वाचायचा. एवढंच माझं काम.

१९९६ साली मी खाडीअलीकडच्या एका नव्या मेडिकल कॉलेजात रुजू झाले. त्या वेळी कामोठे गावचे डास माणसाला पलंगासकट उचलून खाडीपर्यंत नेत. किती अंतर, ते मोजलेलं नाही, म्हणून सांगत नाही. गप्पा वेगळ्या आणि माप वेगळं, हे माझं तत्त्व आहे.

तिथे शरीररचना विभागात डॉक्टर संघमित्रा शिकत होती. पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधासाठी ती एकशे सव्वीस हाडांची लांबी, जाडी आणि बाक मोजत होती. विभागाचा शिपाई नामा तिला हाडं काढून द्यायचा. दोन वर्षांपूर्वी हमरस्त्यावर त्याची मांडी मोडली होती. डॉक्टरांकडे होती त्यांतली सगळ्यात आखूड सळई त्यांनी हाडाच्या आत बसवली, तरी ती त्याला लांबच झाली. खुब्यापाशी टोक बोचायचं. मांडी घालून बसता येईना, म्हणून तो उलट्या बादलीवर बसून डबा खायचा. आपल्याकडच्या हाडांची मापं कुणी नीट लिहूनच ठेवली नाहीत, तर सळया बनवणाऱ्यांना ती कळणार कशी, असं संघमित्राने त्याला सांगितलं होतं. तेव्हापासून तो एकेक हाड दोन्ही हातांनी आणायचा.

मोजणी संपली. हाडं परदेशी पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा आखूड निघाली, आणि आपसांतही एकासारखं दुसरं नव्हतं. एकोणीस तर फारच वेगळी होती. काही बुटकी, काही धनुष्यासारखी वाकलेली. विभागप्रमुख जयप्रकाश सरांनी तक्ता पाहिला आणि ती एकोणीस काढून टाकायला सांगितली. म्हणजे सरासरी पुस्तकाच्या जवळ जाईल आणि परीक्षक प्रश्न विचारणार नाहीत. संघमित्रा नाही म्हणाली.

"मग फळी चुकतेय," सर म्हणाले. "परत मोज. आकडे जुळले नाहीत, तर मी सही करणार नाही."

प्रबंध द्यायला बारा दिवस उरले होते. सही नाही तर पदवी नाही. मी मनात म्हटलं, मोज पोरी, हजारदा मोज.

तिने मोजलं. पहिलं हाड दोन मिलिमीटरने जास्त भरलं. दुसरंही. दहावंही. मित्रांनो, माझ्या लाकडाला घाम फुटला. शेजारी उभं राहून बघणाऱ्या सरांनी मला एका हाताने उचललं आणि नामाला सांगितलं की ही भंगारात दे. मी माझी एक बारीक ढलपी त्यांच्या अंगठ्यात रुतवली. मुद्दाम. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

संघमित्राने मला परत टेबलावर ठेवायला लावलं. ती वहीतले जुने-नवे आकडे शेजारी शेजारी लिहीत बसली. फरक सगळीकडे दोनच. आखूड हाडाला दोन, लांब हाडाला दोन. मेलेलं हाड वाढत नाही, आणि एका दमात सगळी वाढली तर दोष हाडांत नसणार. मोजताना सगळे पट्टीकडे बघतात, भिंतीकडे कुणी बघत नाही. तिने माझ्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि थांबली. वॉर्निशखाली आडवी सुतळी होती.

पहिल्या मोजणीनंतर आलेल्या खंडेनवमीला नामाने विभागातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. अगदी सांगाड्यालाही हार घातला. माझ्या भिंतीला झेंडूची माळ बांधली. फुलं वाळल्यावर ती काढली, पण पूजेचा दोरा तोडायचा नाही म्हणून सुतळी तशीच ठेवली. वर प्रेमाने वॉर्निशचा हात दिला. लाकडाच्या रंगात सुतळी बुडाली.

नामा बादलीवरून उठला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, दोरा मीच बांधला. तुमचं काम चांगलं होवं म्हनून. माझ्या पायी बिघारलं, तं मना सांगा."

"बिघडलं नाही, नामादादा. उलट तुमच्या दोऱ्यामुळेच मला उत्तर सापडलं," ती म्हणाली आणि सरांकडे वळली. "सर, चूक सगळ्या हाडांना सारखीच वाढवते. पण हाडाहाडांतला फरक तेवढाच राहिला. बुटकं अजूनही बुटकंच आहे. हा वेगळेपणा फळीचा नाही, माणसांचा आहे. ती एकोणीस माणसं इथे चालली होती. मी त्यांना काढणार नाही."

नामाने ब्लेडने सुतळी काढली. सरांनी चष्मा लावला, एकोणिसांतलं सगळ्यात वाकडं हाड स्वतः माझ्यावर ठेवलं आणि ठोकळा सरकवला. पहिल्या मोजणीचाच आकडा आला. त्यांनी परत सरकवला. तोच. मग ते हाड त्यांनी पेटीत त्याच्या जागी ठेवलं आणि पेन मागितलं.

प्रबंध एकशे सव्वीस हाडांचाच गेला. तक्ता पाहून दुसऱ्या दिवशी कुणी सळया ओतायला घेतल्या, असं मी सांगणार नाही. गप्पांनाही हद्द असते. पण आखूड मापांचा तक्ता आता छापील होता, आणि नामाने त्याची एक प्रत डब्याच्या पिशवीत ठेवली होती.

पुढे विभागात चकचकीत पोलादी यंत्र आलं आणि मला कपाटावर चढवलं. वाळवीने दोनदा चौकशी केली, तिला मी हाकलून लावलं. मित्रांनो, मला खाली काढाल तेव्हा आधी कोरड्या फडक्याने पुसा आणि भिंतीवरून बोट फिरवा. आणि कुणी पुस्तक उघडून तुम्हाला सांगितलं, की तू मापात बसत नाहीस, तर त्याला माझ्याकडे पाठवा. संघमित्राने शेवटी लांबी, जाडी आणि बाक, तिन्हींची सरासरी काढली होती. तिन्हींत बरोबर तेवढं भरणारं हाड तिने आणि नामाने पेटीत शोधलं. एकशे सव्वीसांत असं एकही नव्हतं.