इंजिनाची ओटी

तिसगावच्या पुढे माळावर पत्र्याची एक शेड आहे. वैशाखातल्या अमावास्येला तिथे एकोणीस ट्रॅक्टर रांगेत उभे होते आणि दोन-अडीचशे माणसे जमली होती. प्रत्येक ट्रॅक्टर काळा धूर ओकणारा, चढाला दम टाकणारा. त्यांच्यावर बसलेली बाधा यंत्रनाथ महाराज काढत होते.

पद्धत ठरलेली होती. बॉनेटवर मोठी शाल पडायची. महाराजांचा चेला करण नारळाचे पोते घेऊन शालीखाली शिरायचा. याला ते इंजिनाची ओटी भरणे म्हणत. बाहेर हलगी कडाडायची आणि महाराज माईक धरायचे.

"लोखंडाला बी जीव असतो, बाळांनो! जीव हाय तिथं बाधा हाय! बाधा काय डिझेल पाजून जाती व्हय?"

"न्हाई!" गर्दी ओरडायची.

शाल निघाली की इंजिन सुरू व्हायचे. धूर गायब, आवाज मोकळा. माणसे पाया पडायची.

"सव्वा म्हैना बॉनेट उघडायचं न्हाई! उघडलं की बाधा दुप्पट!"

माझा नंबर सातवा होता.

याच रांगेत मी पौषात बसलो होतो, तेव्हा शेजारी माझी बायको विजयमाला होती. तिला दमा होता. तुरीच्या मळणीत धूळ खाऊन तो वाढला होता. पण डॉक्टरांनी तोंडात ओढायचा पंप दिला होता आणि त्यावर ती बरी चालली होती. आमचा ट्रॅक्टर शालीखालून निघाला आणि नव्यासारखा पळाला. मी हात जोडले. तेवढ्यात ती खोकली.

महाराजांनी डोळे मिटले. "ट्रॅक्टर आन् बाई, दोघांवर बाधा एकच हाय. ती पंपाची वाफ म्हंजे बाधेचं खाणं. बंद कर."

"आवो, डॉक्टरांनी सोडायचा न्हाई म्हनून सांगितलंय," ती मला म्हणाली.

"ट्रॅक्टर बघितला न्हाईस का डोळ्यांनी? महाराजांपुढं बोलू नको," मी म्हणालो.

घरी गेल्यावर मी पंप तिच्या ट्रंकेत टाकला, कुलूप लावले आणि किल्ली माझ्या करदोड्याला बांधली. नवव्या दिवशी तिला धाप लागली. "ट्रंक उघडा," ती म्हणाली. मी अंगारा लावला. मग जीप बोलावली. पाथर्डी यायच्या आत ती गेली.

फाल्गुनात ट्रॅक्टर ऑईल खायला लागला, निळा धूर टाकायला लागला. मी तो तिसगावला आदिनाथ मिस्त्रीकडे नेला. त्याने बॉनेट उचलले, एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण काढले आणि माझ्याकडे पाहिले.

"रंगनाथनाना, फिल्टर कुठंय?"

"आत आसंल की."

"डबा रिकामा हाय. कुनी काढला?"

मला शालीखाली शिरलेले ते नारळाचे पोते आठवले.

"फिल्टर म्हंजे इंजिनाचं नाक," इंजिन खोलता खोलता आदिनाथ म्हणाला. "धुळीनं चोंदलं की हवा कमी पडती, इंजिन काळा धूर करतंय. फिल्टरच काढून टाकला तर हवा भरपूर. दीड-दोन म्हैने झकास पळतंय. पर समदं शेत इंजिनात जातंय. ह्यो बघा पिस्टन. कानशीनं घासल्यावानी झालाय."

मी इंजिन नवे करून घेतले. मग त्याच्याकडचा धुळीने गच्च भरलेला जुना फिल्टर मागितला.

"आता ह्यो कशाला बसवायचा?"

"बाधा पायजे मला," मी म्हणालो.

बसवण्याआधी त्याच्या बुडावर पांढऱ्या रंगाने एक नाव लिहिले.

तर त्या अमावास्येला माझा नंबर आला. ट्रॅक्टरने काळा धूर सोडला. शाल पडली, पोते शालीखाली गेले, हलगी वाजली, पोते बाहेर आले. शाल निघाली. इंजिन मोकळे गरजले.

"गेली बाधा!" महाराज म्हणाले. "बॉनेट..."

"उघडायचं न्हाई, ठाऊक हाय," असे म्हणून मी इंजिन बंद केले आणि बॉनेट उचलले. डबा रिकामा होता. गर्दीतून आदिनाथ पुढे झाला. त्याने करणच्या हातातले पोते ओढून माळावर उलटे केले. सात-आठ नारळ पडले आणि सात फिल्टर.

एकावर पांढऱ्या अक्षरांत नाव होते : विजयमाला.

"ही माझी बायको," मी लोकांना सांगितले. "समदे आपापलं बॉनेट उघडा."

आधी एक उघडले, मग धडाधड सगळी. माझ्या आधीचे सहाही डबे रिकामे होते. मागच्या खेपेला येऊन गेलेले काही जण आपापल्या ट्रॅक्टरवर बघायला आले होते, त्यांचेही रिकामे. कुणीतरी शिवी हासडली. करण पळायला लागला, त्याला हलगीवाल्यानेच धरले. महाराजांभोवती कडे झाले.

"बाळा, तुझी श्रद्धा कमी पडली..."

"महाराज, एक काम करा," मी चोंदलेला फिल्टर त्यांच्यापुढे धरला. "ह्याला तोंड लावा आन् श्वास वढा. तुमच्या अंगी शक्ती हाय."

ते लोकांकडे बघू लागले. कुणी हलले नाही. शेवटी त्यांनी तोंड लावले. दोन श्वास ओढले, तिसऱ्याला घुसमटून खोकत खाली बसले. दाढी मातीने भरली.

"तीनच श्वास?" मी म्हणालो. "ती घरापासनं पाथर्डीपतूर आशीच वढत हुती."

मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार मी आणि त्या ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून दिली आहे.

वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो. रोटाव्हेटर किंवा मळणी चालू असेल तेव्हा फिल्टर रोज उघडून बघा. कागदी असेल तर हलकेच झटका, धुऊ नका, फाटला की बदला. त्याच्याशिवाय इंजिन चालवू नका. माणसाला धाप लागली तर दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांचे औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. आणि जो कोणी ‘उघडून बघू नका’ म्हणेल, त्याच्यासमोर आधी उघडा.

ट्रंकेची किल्ली अजून माझ्या करदोड्याला आहे. नवव्या दिवशीही ती तिथेच होती.